नाशकात परके, मोंबासात मुंबईकर
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : ‘अमेरिकेतील नव्या वस्तीच्या कादंबऱ्या, त्यांतील परदेशी माणसे आणि राष्ट्रीयत्व’. विषय ऐकून प्रथम वाटले, दुपारच्या सभेला हा घास फार मोठा. पण पुस्तक उघडून बसले तेव्हा दिसले की, त्यात राष्ट्रीयत्व वगैरे शब्द थोडे, आणि चूल, पीठ, बटाटे, थंडी आणि शेजारीण याच गोष्टी फार. या गोष्टींवर बोलण्याचा अधिकार आपल्याला नसेल तर कोणाला आहे? म्हणून होकार दिला. मात्र वाचता वाचता मला आपल्याच गावातील एका जागेची सारखी आठवण होत राहिली. तेव्हा आजचे बोलणे अमेरिकेत सुरू होईल, पण तेथे फार वेळ रेंगाळणार नाही. आपल्याला शरणपूर रस्त्यावर परत यावयाचे आहे.

प्रथम कादंबरीविषयी. विला कॅथर नावाच्या लेखिकेचे ‘माय अँतोनिया’ हे पुस्तक १९१८ साली प्रसिद्ध झाले. लेखिका जन्मली १८७३ साली व्हर्जिनियात, आणि नऊ-दहा वर्षांची असताना आईबापांबरोबर नेब्रास्का प्रांतात गेली. त्या वेळी तेथे नुसते गवत. झाड नाही, कुंपण नाही, देऊळ नाही. १८६२ सालच्या एका कायद्याने अमेरिकेच्या सरकारने असे ठरविले होते की, जो कोणी तेथे जाऊन घर बांधील आणि पाच वर्षे जमीन कसील, त्याला एकशे साठ एकर जमीन जवळजवळ फुकट मिळेल. युरोपातील गरीब माणसे बोटी भरभरून आली. नॉर्वेचे आले, स्वीडनचे आले, जर्मन आले, रशियन आले, आणि बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशाचे, आले. अशाच एका बोहेमियन कुटुंबाची मुलगी ही अँतोनिया.

शिमर्डा असे या कुटुंबाचे आडनाव. त्यांच्याच देशाच्या एका माणसाने त्यांना जास्त पैसे घेऊन वाईट जमीन विकली. जमिनीत खणलेल्या बिळासारख्या घरात ते राहतात. हिवाळा येतो. घरात कुजके बटाटे तेवढे उरतात. शेजारचे अमेरिकन कुटुंब चांगले आहे. त्या घरची आजी टोपलीभर अन्न घेऊन त्यांच्याकडे जाते. अँतोनियाची आई गरीब असली तरी रिकाम्या हाताने पाहुणीला पाठवायची नाही, हे आपल्यासारखेच तिच्याही रक्तात. ती आपल्या गाठोड्यातून एक लहानशी पुरचुंडी काढते आणि मोठ्या मानाने आजीच्या हाती देते. आत काळपट, वाळलेले, उग्र वासाचे काहीतरी तुकडे असतात. आजी घरी येते, उलटून पालटून पाहते, आणि परक्या देशाचे काय न काय म्हणून सारे चुलीत टाकते. नातू जिम तेवढा एक कोपरा चाखून पाहतो. पुष्कळ वर्षांनी त्याला कळते की, ती त्यांच्या गावाकडच्या रानातली वाळवलेली अळिंबी होती. समुद्र ओलांडून जपून आणलेली. सणासुदीला काढावयाची.

भगिनींनो, ही आजी दुष्ट नाही हो. तिने अन्न नेले, पांघरूण नेले. तिने देण्यात काही कमी केले नाही. कमी पडले ते घेण्यात. सारी कादंबरी वाचून मला हा प्रसंग सर्वांत अधिक लागला. आपण परक्याला काही देतो तेव्हा आपण मोठे होतो. त्याच्याकडून काही घेतो तेव्हा तो आपल्या बरोबरीचा होतो. हे दुसरे आपल्याला जड जाते.

पुढे त्याच हिवाळ्यात अँतोनियाचा बाप घरच्या आठवणीने खंगून जीव देतो. त्याला पुरावयाचे कोठे हा प्रश्न येतो. नॉर्वेच्या लोकांची स्मशानभूमी जवळ आहे, पण ते नाही म्हणतात. स्वतः दहा-पंधरा वर्षांपूर्वी आलेले हे लोक. काल आलेल्याला आपल्या मातीत जागा देत नाहीत! शेवटी त्याला त्याच्याच शेताच्या कोपऱ्यावर पुरतात. पुढे तेथून रस्ते जातात, पण ते थोडे वळण घेऊन जातात आणि ते थडगे गवताच्या एका बेटासारखे मधे उरते.

ज्या साली हे पुस्तक निघाले, त्या साली अमेरिका जर्मनीशी लढत होती. परकी भाषा बोलणारा तो फितूर, असे वारे सुटले होते. पुढच्याच वर्षी, १९१९ साली, नेब्रास्कातच असा कायदा झाला की, आठवी इयत्ता पुरी होईपर्यंत मुलांना शाळेत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवावयाची नाही. रॉबर्ट मायर नावाच्या एका मास्तराने एका मुलाला जर्मनमधून बायबलातील गोष्टी वाचावयास शिकविल्या, म्हणून त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. तो मास्तर गप्प बसला नाही. खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९२३ साली न्यायालयाने निकाल दिला की, असा कायदा घटनेत बसत नाही. मूल कोणती भाषा शिकेल यात आईबापांचाही काही अधिकार आहे.

आता कादंबरीचा शेवट आठवा. अँतोनिया चाळिशी ओलांडलेली, दात पडलेले, दहा-अकरा मुलांची आई. तिची मुले घरात बोहेमियन बोलतात, शाळेत गेल्यावर इंग्रजी शिकतात. तळघरात मुरांब्यांच्या बरण्यांच्या रांगा आहेत. शेत हिरवे आहे. ती अमेरिकन आहे की नाही? लेखिका हा प्रश्न विचारीत नाही. ती आपल्याला त्या तळघरात नेऊन उभी करते, एवढेच. ज्या बाईने उजाड माळावर फळबाग उभी केली, तिच्यापाशी देशाचा दाखला कोणी मागावा?

पुस्तकाचा एक दोषही सांगितला पाहिजे. ही जमीन काही रिकामी पडलेली नव्हती. तेथे पॉनी वगैरे जमातींचे मूळ रहिवासी होते. त्यांना १८७० नंतरच्या काही वर्षांत दूर दक्षिणेला हलविण्यात आले. कादंबरीत त्यांची खूण उरली आहे ती एवढीच : गवतातील एक मोठे वर्तुळ, जेथे ते घोडे फिरवीत असे म्हणतात. माणसे गेली, वर्तुळ राहिले. ही गोष्ट मनाच्या कोपऱ्यात ठेवा. शेवटी मला तिच्याकडे यावयाचे आहे.

आता नाशिक.

आपण शरणपूर रस्त्यावरून कितीदा जातो! साड्या घ्यावयास, डॉक्टरकडे, मुलांच्या शिकवणीला. त्या रस्त्याला हे नाव का, असे मी चार-पाच जणींना विचारले. कोणी म्हणाले, देवाला शरण जाण्यावरून असेल. अगदी चूक नाही. पण गोष्ट अशी आहे. १८५४-५५ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या मिशनरीने तेव्हाच्या नाशिक गावाच्या पश्चिमेला, गावाबाहेर, एक वस्ती वसविली. ज्यांनी ख्रिस्ती धर्म घेतल्यामुळे घर सुटले त्यांना, अनाथांना, निराश्रितांना तेथे आसरा मिळावा. शरण आलेल्यांचे पूर ते शरणपूर.

या वस्तीत जी मुले आली त्यांत काही फार दुरून आली होती. त्या काळी पूर्व आफ्रिकेतून माणसे पकडून गुलाम म्हणून अरबस्तानाकडे नेत. इंग्रजांच्या लढाऊ बोटी समुद्रात ही गलबते अडवीत. गुलाम सुटत, पण त्यांतील लहान मुलांना पोचवावयाचे कोठे? कोणाचे गाव जळालेले, कोणाचे आईबाप मेलेले, कोणाला गावाचे नावही सांगता येत नाही. अशी पुष्कळ मुले मुंबईच्या बंदरावर उतरविली जात, आणि त्यांतली बरीच १८६० च्या सुमारापासून नाशकास शरणपुरात येऊ लागली. येथे त्यांच्यासाठी आश्रम होता. मुलांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. मुलीही होत्या.

ही मुले गोदेच्या काठच्या आपल्या गावात वाढली. आपल्याच पंजी-पणजींनी त्यांना पाहिले असेल. इंग्रजी आणि हिंदुस्थानी त्यांना येत असे. मराठी तर बाजारात रोज कानांवर पडत असणार. त्यांची नावे मात्र बदलली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार ही त्यांच्यातील काहींची नावे. प्राइस, आयझेनबर्ग, फरार ही इकडच्या मिशनऱ्यांची आडनावे. आईने ठेवलेली नावे काय होती, ते बहुतेकांच्या बाबतीत कोठे लिहिलेले नाही.

नाव बदलणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगावयास नको. आपल्यातील कितीजणींची नावे ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून बदलली! परक्या घरात गेलो, तेथली फोडणी निराळी, बोलण्याची ढब निराळी, देव निराळे. पहिल्या वर्षी भाजीत गूळ घातला तरी कोणी हसले, नाही घातला तरी कोणी हसले. देशांतर म्हणजे काय ते पुरुषांना पुस्तकात वाचून कळते, आपल्याला लग्नात कळते. मात्र एक मोठा फरक आहे. आपल्याला माहेर असते. दिवाळीला जाता येते, निदान पत्र तरी येते. शरणपूरच्या या मुलांना माहेर नव्हते.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रसिद्ध प्रवासी आफ्रिकेच्या नव्या सफरीची तयारी करण्यासाठी मुंबईकडे आला. त्याने शरणपूरचे नऊ तरुण बरोबर घेतले. आफ्रिकेत जन्मलेले, हिंदुस्थानात शिकलेले. याहून उपयोगी माणसे कोणती, असा हिशेब. १८७२ साली त्याच्या मदतीसाठी झांजिबारहून जी टोळी गेली तीत शरणपूरची आणखी मुले होती. त्यांतला एक जेकब वेनराइट. हा मूळचा याओ जमातीचा.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात लिव्हिंग्स्टनचा अंत झाला. बरोबर एकही गोरा माणूस नव्हता. त्याच्या नोकर-सोबत्यांनी ठरविले की, देह त्याच्या देशाला पोचवावयाचा. त्यांनी काळीज तेथेच एका झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकबने, आणि झाडावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. वाचणे आणि कोरणे या दोन्ही कला तो आपल्या नाशकात शिकला होता! मग देह वाळवून, गुंडाळून, पुढे तर कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून, जंगलांतून व शत्रूंच्या मुलखांतून हे लोक सुमारे नऊ महिने चालले आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रावरच्या बागामोयोला पोचले. त्याच वर्षी १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्या मानकऱ्यांत हा जेकब होता. ज्या अॅबेत पूर्वी राजेराण्यांना पुरत तेथे शरणपूरचा विद्यार्थी उभा होता. ही गोष्ट आपल्या मुलांच्या शाळेतील पुस्तकात यावयास हरकत नसावी.

यानंतर सारा आश्रमच हलला. सर बार्टल फ्रिअर हे पूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते. गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी त्यांना १८७३ साली झांजिबारला पाठविले होते. त्यांना आपल्याकडील या आफ्रिकनांची माहिती होती. सुटलेल्या गुलामांची वस्ती आता आफ्रिकेतच व्हावी, आणि ती उभारण्यास नाशकात तयार झालेली माणसे न्यावीत, असे ठरले. शरणपूर वसविणाऱ्या प्राइससाहेबांनाच त्या कामावर पाठविले. १८७५ साली मोंबासा बंदराच्या समोर, खाडीपलीकडे, वस्ती उभी राहिली. तिचे नाव फ्रिअर टाउन. मुंबई-नाशकाकडून गेलेल्या या लोकांची संख्या दीडशेच्या आसपास होती. बायका-मुले धरून.

आता कल्पना करा. यांना वाटले असेल, आपण घरी चाललो. पण घर होते आत, शेकडो मैलांवर. कोणाचे न्यासा सरोवराकडे, कोणाचे आणखी कोठे. मोंबासाच्या किनाऱ्यावरची माणसे निराळी, त्यांची स्वाहिली भाषा निराळी. ही मंडळी उतरली ती कोट-पाटलोण घालून, इंग्रजी-हिंदुस्थानी बोलत. तेथल्या लोकांनी पाहिले आणि नाव ठेवले, ‘मुंबईचे आफ्रिकन’. इतिहासाच्या पुस्तकांत आजही त्यांचे तेच नाव आहे. येथे आपल्या गल्लीत त्यांना कोणी हबशी म्हटले असेल, शिद्दी म्हटले असेल. नाशिककर म्हटले असेल असे मला वाटत नाही. तेथे गेल्यावर मात्र ते मुंबईकर झाले! येथे होते तोवर तेथले, आणि तेथे गेले की येथले.

पण ही केवळ रडकथा नाही. फ्रिअर टाउनचे आणि जवळच्या राबाईचे सुतार, लोहार, मास्तर, धर्मोपदेशक बरेचसे याच लोकांतून झाले. पगार आणि मान यांवरून गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडाले, कारण शिकलेला माणूस मान खाली घालून किती दिवस राहील? विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे यांच्यापैकीच दोघे. त्यांना १८८५ साली रीतसर धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. पूर्व आफ्रिकेत तो मान मिळालेल्या पहिल्या आफ्रिकनांत त्यांची गणना होते. लिव्हिंग्स्टनचा देह वाहणाऱ्यांतील मॅथ्यू वेलिंग्टन हा शरणपूरचा मुलगा तर मोंबासात १९३५ पर्यंत हयात होता. म्हणजे आपल्या आजीच्या आयुष्यात!

या सर्व हकिकतीत एक गोष्ट माझ्या मनाला टोचते. पुरुषांची नावे सापडतात. मुलींची, बायकांची फारशी सापडत नाहीत. शरणपुरात त्या काय रांधत होत्या? बोटीवर चढताना कोणी मसाल्याची पुरचुंडी बरोबर घेतली का? मोंबासाच्या चुलीवर नाशकाची कोणती चव गेली? दप्तरांत हे लिहिलेले नसते. दप्तर माणसे मोजते. ती काय जपून ठेवतात, ते कादंबरी सांगते. म्हणून तर चिटणीसबाईंनी कादंबरीचा विषय दिला ते योग्यच झाले.

आणि तशी एक कादंबरी झालीही आहे. झिंबाब्वेच्या पेटिना गप्पा या लेखिकेने २०१९ साली लिव्हिंग्स्टनच्या त्या अंतिम यात्रेवर इंग्रजीत एक कादंबरी लिहिली. ‘आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट’ हे तिचे नाव. ती कथा दोघेजण सांगतात. एक आपला जेकब वेनराइट, आणि दुसरी हलिमा नावाची स्वयंपाकीण. ही हलिमा खरोखरीच त्या तांड्यात होती. लेखिकेचा जेकब पोथीपंडित आहे, थोडा अहंकारी आहे, आपल्या शिक्षणाचा त्याला ताठा आहे. शिकून परका झालेला माणूस आपल्याच लोकांकडे कसा पाहतो, ते त्याच्या तोंडून आपोआप कळते. हलिमा मात्र बोलघेवडी, खट्याळ, आणि सगळ्यांचे पाणी जोखणारी. लंडनच्या समारंभाला तिला कोणी नेले नाही. पण कादंबरीत आधी बोलण्याचा मान तिचा आहे. अमेरिकेत विला कॅथरने जे अँतोनियासाठी केले, ते या लेखिकेने तिच्यासाठी केले. शरणपूरच्या मुलींसाठी ते अजून व्हावयाचे आहे. ते मराठीत झाले तर किती बरे होईल! येथे लिहिणाऱ्या तरुण मुली बसल्या आहेत, त्यांनी हे ऐकून ठेवावे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे दीडशे वर्षांपूर्वीचे झाले. आज त्याचे काय? सांगते.

नाशिक हे नेहमीच येणाऱ्यांचे गाव आहे. यात्रेकरू येतात आणि जातात, ते सोडा. पण राहावयास आलेले किती! नोटांच्या छापखान्यात आले, १९४७ नंतर सिंधी कुटुंबे देवळालीच्या छावणीत आली, ओझरला विमानांचा कारखाना निघाला तेव्हा देशभरचे लोक आले, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आजही येत आहेत. आपल्यापैकी कितीजणींची घरे कोकणातून, खानदेशातून, घाटावरून आलेली आहेत, ते हात वर करावयास सांगितले तर या दिवाणखान्यात खाली राहिलेले हात मोजावे लागतील.

आमच्या गल्लीत बिहारकडचे एक कुटुंब राहते. नवरा कारखान्यात आहे. छठच्या सणाला ती बाई रामकुंडावर जाऊन अर्घ्य देऊन आली आणि घरोघर ठेकुआ वाटला. गव्हाचे पीठ, गूळ आणि तूप यांचा तो तळलेला पदार्थ. आपल्या शंकरपाळ्याचा चुलतभाऊच म्हणा. दुसऱ्या दिवशी एका घरी मी गेले तर ठेकुआची पिशवी तशीच ओट्याच्या कडेला. घरची बाई माझी मैत्रीण, स्वभावाने चांगली. म्हणाली, “कशात तळतात, कसे करतात, काही कळत नाही बाई. कामवालीला देऊन टाकते.” मी म्हटले, “अहो, तिलाच विचारा ना!” तिने विचारले. आता दिवाळीत त्या दोघी एकमेकींच्या चुलीपाशी असतात, आणि बिहारची बाई चकलीच्या भाजणीचे प्रमाण मला सांगते.

नेब्रास्कातल्या आजीपाशी अळिंबीची पुरचुंडी होती, तीच ही ठेकुआची पिशवी. देश एक होतो तो कायद्याने होतो, शाळेने होतो, सैन्याने होतो, हे खरे. पण नेब्रास्काच्या लोकांनी कायद्याने भाषा पुसण्याचा प्रयत्न केला तेव्हा ते एक झाले नाहीत, भ्याले. शरणपूरच्या मुलांना नाव दिले, विद्या दिली, धर्म दिला. पण त्यांच्याजवळचे काही घेण्यासारखे आहे का, हे कोणी विचारले नाही. म्हणून ती पंधरा-वीस वर्षे आपल्यांत राहूनही येथली झाली नाहीत. परका माणूस आपला केव्हा होतो, याची माझी साधी कसोटी अशी : आपण त्याला किती दिले ते पाहू नये, त्याचे आपल्या घरात काय आले ते पाहावे.

आणि आता ते गवतातले वर्तुळ. द्राक्षांच्या हंगामात पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडच्या आदिवासी बाया पहाटे मजुरीच्या नाक्यावर येऊन उभ्या राहतात. कडेवर मूल, हातात भाकरीचे फडके. आपण त्यांना ‘बाहेरून आलेले मजूर’ म्हणतो. कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्यापेक्षा या जिल्ह्यात जुने कोण आहे? आपण सगळे नंतर आलो. अमेरिकेच्या कादंबऱ्यांनी मूळच्या लोकांना एका वर्तुळापुरते ठेवले. आपणही आपल्याच डोंगरातल्या लोकांना नाक्यापुरते ठेवले आहे. परदेशी पाहुण्यांचा विचार करताना घरच्या थोरल्यांना विसरून कसे चालेल?

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन लहान सूचना आहेत. पहिली, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने आपल्या गल्लीत नव्याने आलेल्या एका बाईला घेऊन यावे. ती कोणत्या प्रांताची, कोणत्या धर्माची, सवाष्ण की नाही, हे न विचारता. दुसरी, आपल्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. बाहेरगावाहून आलेल्या प्रत्येक बाईने तीत आपले गाव, आईने ठेवलेले नाव, आणि माहेरचा एक पदार्थ प्रमाणासह लिहावा. लिहिता येत नसेल तिचे आपण लिहून घ्यावे. तिसरी, द्राक्षांच्या हंगामात नाक्यावरच्या बायांच्या लहान मुलांसाठी सकाळी दोन तास मंडळाची खोली उघडी ठेवता येईल का, याचा कार्यकारिणीने विचार करावा. दूध मी देईन.

अशी वही १८६० साली शरणपुरात एखादीने ठेवली असती, तर आज आपल्याला त्या मुलींची खरी नावे ठाऊक असती.